वॉरगेमिंगच्या बोर्डावर नदी: ओतण्याआधीची कामं, ओतणं आणि नंतरची दुरुस्ती

वॉरगेमिंग म्हणजे छोट्या सैनिकांची मॉडेल घेऊन बोर्डावर लढाया खेळणं. या बोर्डावरचं पाणी रेझिनचं, म्हणजे ओतल्यावर जमून कडक आणि पारदर्शक होणाऱ्या द्रवाचं करतात. रेझिनची नदी बिघडली की सगळा दोष रेझिनवर येतो. पाणी दुधाळ झालं, चिकट राहिलं, टेबलावर गळलं, काठावर चढलं, थर्माकोल विरघळला. यातली जवळजवळ प्रत्येक चूक रेझिनची बाटली उघडण्याआधी झालेली असते: माती ओली राहिली, पात्र वार्निशने बंद केलं नाही, बोर्ड पाणसळीत नव्हता, कामांचा क्रम चुकला. म्हणून या लेखात ओतण्यापेक्षा त्याआधीच्या कामांवर जास्त जागा खर्च केली आहे.

उदाहरणासाठी २८ मिमी (माणसाची साधारण उंची) मॉडेलसाठीचा, २ फूट बाय २ फुटांचा एक बोर्ड घेऊ. नमुना जालना जिल्ह्यातल्या केळना नदीचा, म्हणजे असईच्या लढाईतला (२३ सप्टेंबर १८०३). समोरासमोरच्या काठांवर दोन गावं दिसली, तेव्हा मध्ये उतार, म्हणजे नदी पार करण्याजोगी उथळ जागा, असणारच असं इंग्रज सेनापती वेलस्लीने ताडलं आणि तिथून सैन्य पार नेलं. आपल्याला या प्रसंगातून बांधकामाच्या चार गोष्टी घ्यायच्या आहेत: उभे काठ, एक अरुंद उतार, पावसाळ्याच्या शेवटचं गढूळ पाणी आणि काळी जमीन. दुसरी कुठली नदी करायची असेल तरी क्रम हाच राहतो.

१. कागदावरचे निर्णय

आधी ठरवा की खेळात या नदीचं काम काय. पायदळाला अडवायचं, फक्त वेग कमी करायचा, की एकाच ठिकाणाहून पार होऊ द्यायचं? उतार एकच असेल तर तो लांबूनही ओळखू आला पाहिजे. नाहीतर दर डावात "इथून जाता येतं का" यावर वाद होतो.

मापं अशी धरा:

- नदीची रुंदी १२ सेंमी. यापेक्षा अरुंद केली तर ती ओढा दिसते. १८ सेंमीच्या वर गेली तर बोर्डावर सैन्य मांडायला जागा उरत नाही.
- उताराची रुंदी किमान १५ सेंमी, म्हणजे बैल जोडलेली तोफ आणि तिच्या शेजारून पायदळाची एक रांग जाईल.
- काठाची उंची १५ ते २० मिमी. २८ मिमीच्या मॉडेलसाठी हे साधारण एका माणसाच्या कंबर-छातीइतकं होतं.
- नदी बोर्डाच्या कडेला नेहमी कडेच्या मध्यावर आणि नेमकी १२ सेंमी रुंद बाहेर पडली पाहिजे. मध्ये कितीही वळणं घ्या, टोकाची ही जागा बदलू नका. पुढचे बोर्ड एकमेकांना जुळणं यावरच अवलंबून आहे.

पुठ्ठ्याचा एक साचा कापून त्यावर टोकाची रुंदी आणि काठाची उंची कोरून ठेवा. प्रत्येक बोर्ड त्याच साच्याने तपासायचा.

२. सामान आणि हवामान

तळाला ६ मिमीचा प्लाय घ्या. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) स्वस्त पडतो, पण कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात त्याच्या कडा दमटपणाने फुगतात. घेतलाच तर चारही कडा आणि खालची बाजू वार्निशने बंद करा. त्यावर २५ मिमीची एक्सपीएस (दाणे नसलेला, एकसंध कडक फोम) शीट. पॅकिंगचा दाणेदार पांढरा थर्माकोल मात्र नको. तो कापताना दाणे सुटतात आणि त्या दाण्यांमधल्या पोकळीतून रेझिन झिरपत जातं.

रेझिन इपॉक्सीच असू द्या, म्हणजे रेझिन आणि ते जमवणारा हार्डनर अशा दोन बाटल्यांचं. हार्डवेअरच्या दुकानात 'फायबरचं रेझिन' म्हणून मिळतं ते पॉलिएस्टर असतं. त्यातला स्टायरीन एक्सपीएस विरघळवून टाकतो. स्प्रे पेंट आणि स्प्रे वार्निशमधले सॉल्व्हंटही तेच करतात. त्यामुळे उघड्या शीटवर स्प्रेचा डबा चालवायचा नाही.

बाकी यादी: फेविकोल, वॉल पुट्टी, चाळलेली काळी माती, बारीक रेती, अॅक्रिलिक रंग, अॅक्रिलिक ग्लॉस वार्निश, पारदर्शक ग्लॉस जेल, मापाच्या खुणा असलेले प्लॅस्टिकचे कप, नायट्राइलचे हातमोजे, पाणसळ, ब्राउन पॅकिंग टेप.

माती आणि रेती तव्यावर भाजून घ्या. ओलसर माती बाटलीत कोरडी वाटते, आणि नंतर रंगाखाली तिला बुरशी धरते.

> सावधान: इपॉक्सी त्वचेला वारंवार लागलं तर अॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा झाली की सहसा आयुष्यभर राहते. हातमोजे आणि उघड्या खिडक्या यात तडजोड नाही. एक्सपीएस तापलेल्या तारेने कापत असाल तर तेही हवेशीर जागीच.

हवामानाकडे बहुतेक लोक दुर्लक्ष करतात. इपॉक्सीला साधारण २२ ते २७ अंश तापमान आणि कोरडी हवा मानवते. भर पावसाळ्यात उघड्या खोलीत ओतलं तर पृष्ठभागावर तेलकट, धुरकट थर येतो. कापणं, कोरणं, रंगवणं ही कामं जुलै-ऑगस्टमध्ये खुशाल करा. ओतण्यासाठी पाऊस संपायची वाट बघा किंवा एसी लावलेली खोली वापरा. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्यात अडचण उलटी असते: थंडीत रेझिन घट्ट होतं, बुडबुडे सुटत नाहीत, जमायलाही फार वेळ लागतो. मिसळण्याआधी बंद बाटल्या दहा मिनिटं कोमट पाण्यात उभ्या ठेवा आणि मग पुसून कोरड्या करा.

३. कापणं आणि चिकटवणं

शीटवर नदी आखा आणि दोन्ही काठ संपूर्ण जाडीतून कापून काढा. नदीचा मधला तुकडा टाकू नका. त्यातूनच पुढे १० मिमीचा पातळ काप काढून पात्राचा तळ म्हणून बसवायचा आहे. म्हणजे वर १५ मिमी काठ उरतो.

फेविकोल प्लायवर पातळ पसरा. दोन एकसंध पृष्ठभागांमध्ये अडकलेल्या जाड फेविकोलला हवा मिळत नाही आणि मधला भाग आठवडाभर ओला राहतो. वर जुनी पुस्तकं ठेवा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका.

> तपासणी: पाणसळ पात्राच्या तळावर लांबीने आणि रुंदीने ठेवून बघा. रेझिन स्वतःची पातळी स्वतः शोधतं. ते उतरत्या नदीसारखं राहत नाही. एका टोकाला तळ २ मिमी खाली असेल तर तिथे पाणी २ मिमी जास्त खोल होईल आणि दुसरीकडे तळ उघडा पडू शकतो.

धबधबा किंवा पायऱ्यांची नदी हवी असेल तर प्रत्येक पायरी स्वतंत्र डोह धरा, प्रत्येकाला आपला बांध द्या आणि ते वेगवेगळे ओता. उभं कोसळणारं पाणी रेझिनचं करू नका. ते पारदर्शक सिलिकॉनच्या धारा प्लॅस्टिकच्या कागदावर ओढून, वाळल्यावर सोलून चिकटवतात.

४. काठ आणि उतार

काठाला सगळीकडे एकच तिरपा कल देणं ही नेहमीची चूक. वाहतं पाणी वळणाच्या बाहेरच्या बाजूची माती कापत जातं आणि आतल्या बाजूला गाळ टाकतं. म्हणून बाहेरचा काठ उभा, दरडीसारखा तोडा आणि आतला काठ लांबट, सपाट करा. एवढा एक फरक केला की नदी खरी वाटायला लागते. रंग आणि रेझिन कितीही भारी असले तरी ही उणीव त्यांनी भरून निघत नाही.

उभ्या काठावर कटरने कापत बसण्यापेक्षा शीटचे छोटे तुकडे बोटांनी मोडून काढा, मग कडा नैसर्गिक दिसतात. केळनेसारख्या दख्खनच्या नदीत मधूनमधून बेसॉल्टचा खडक डोकावतो. त्यासाठी गोलसर, करड्या-काळ्या दगडांचे दोन-तीन गट पुरेत. सगळीकडे दगड पेरू नका.

उताराच्या जागी दोन्ही काठ खाली आणून चढण करा आणि तळ पुट्टीने उचला, म्हणजे तिथे फक्त १ ते १.५ मिमी पाणी राहील. पुट्टी ओली असतानाच तोफेच्या मॉडेलचं चाक तिच्यावरून फिरवून गाड्यांच्या चाकोऱ्या उमटवा. या चाकोऱ्या एका काठाकडून येऊन समोरच्या काठावर नेमक्या त्याच ओळीत निघाल्या पाहिजेत. तळाला बारीक रेती पसरा. २८ मिमीच्या प्रमाणात ३ मिमीचा खडा जवळजवळ वीतभर दगड होतो, त्यामुळे रेती चाळूनच वापरा.

५. मातीचा पोत आणि वाळवणं

दिवाळीचा किल्ला करून तयार झालेले हात इथे ओल्या मातीचा जाड थर लिंपायला जातात. किल्ल्यावर ते चालतं, इथे नाही. पुट्टी, फेविकोल, चाळलेली माती आणि तपकिरी रंग यांचं मिश्रण जास्तीत जास्त २ मिमी जाड लावा. जाड थराला भेगा पडतात, आतला ओलावा अडकतो, आणि नंतर रेझिनखाली तोच बुडबुडे आणि पांढरट डाग होऊन वर येतो.

इथे घाई करू नका. कोरड्या हवेत निदान तीन दिवस, दमट हवेत आठवडा. पंखा लावा, पण उन्हात ठेवू नका. एक्सपीएस आणि प्लाय वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात आणि बोर्ड वाकतो.

> तपासणी: पात्रावर स्वच्छ प्लॅस्टिकचा तुकडा ठेवा, चारही कडा टेपने बंद करा आणि रात्रभर सोडा. सकाळी आतून दव दिसलं तर पात्र अजून ओलं आहे.

६. पात्राचा रंग

पाण्याचा रंग रेझिनमध्ये घालायचा नसतो, तळाला द्यायचा असतो. रेझिनमध्ये घातलेल्या रंगाची छटा दर बोर्डाला थोडी बदलते, आणि दोन बोर्ड शेजारी ठेवले की जोड लगेच डोळ्यांवर येतो. तळाचा रंग मात्र सुकल्यावर तुलना करून हवा तेवढा सुधारता येतो.

दुसरी चूक निळ्या रंगाची. नदी निळी दिसते ती आकाशाच्या प्रतिबिंबामुळे, आणि ते प्रतिबिंब चकचकीत पृष्ठभाग आपोआप देणार आहे. सप्टेंबरातली दख्खनची नदी गढूळ असते. काठालगत खाकी चिखलाचा रंग द्या, मध्याकडे जाताना तो तपकिरी करा आणि डोहाच्या जागी त्यात काळा आणि थोडा शेवाळी हिरवा मिसळा. रंग ओले असतानाच एकमेकांत ओढा. छटांमध्ये रेषा दिसता कामा नये. वळणाच्या बाहेरच्या बाजूला गडद पट्टा काठाच्या जवळ सरकवा, कारण खोली तिथेच असते. उतारावर फिकट ठेवा. खेळणाऱ्याला "इथे पाणी उथळ आहे" हे रंगावरूनच कळायला हवं.

गढूळ नदीचा फायदा असा की जाड रेझिन लागत नाही. खोलीचा आभास रंग देतो. २ मिमीचे दोन थर पुरतात आणि खर्च वाचतो.

या टप्प्यावर काठाची माती आणि खडकही रंगवून घ्या, पण गवत अजिबात लावू नका. काठालगतचं गवत रेझिन शोषून वर ओढतं आणि कायमचं ओलं, चिकटलेलं दिसतं. पाण्यात उभी राहणारी लव्हाळी आणि पाणकणसं तेवढी आता रोवायची. काथ्याचे किंवा जुन्या कुंच्याचे केस तळाला भोक पाडून फेविकोलने बसवा. इन्स्टंट ग्लू वापरला तर आजूबाजूला पांढरी धूळ धरते.

७. बंद करणं आणि बांध

रंग पूर्ण वाळल्यावर संपूर्ण पात्राला आणि काठाच्या खालच्या अर्ध्या भागाला ग्लॉस वार्निशचे दोन हात द्या. पात्र आणि काठ यांच्या सांध्यात जाड जेल भरा. रेती-मातीतली हवा कोंडली जाण्यासाठी हे आवश्यक आहे. न बंद केलेल्या तळातून तासभर बुडबुडे येत राहतात. फेविकोलने पात्र बंद करण्याची सवय सोडा. तो वाळल्यावरही पाण्याने पुन्हा नरम पडतो आणि दमट हवेत पांढुरका होतो.

मग दोन्ही टोकांना बांध घाला. अॅक्रिलिकची पट्टी घ्या आणि तिला ब्राउन टेप गुंडाळा, चिकट बाजू पट्टीकडे आणि गुळगुळीत बाजू नदीकडे. रेझिन या टेपला धरत नाही, त्यामुळे पट्टी नंतर सहज सुटते. पट्टी बोर्डाला घट्ट आवळून बाहेरच्या बाजूने ग्लू गनने सगळा सांधा भरा.

> तपासणी: खोलीत अंधार करून बांधाच्या बाहेरून टॉर्च धरा. आतून जिथे प्रकाशाची रेघ दिसेल तिथून रेझिन गळणार. पाणी ओतून तपासू नका, आठवडाभर वाळवलेलं पात्र पुन्हा ओलं होईल.

८. ओतणं

आधी हिशेब. वळणांसह नदीची लांबी ६६ सेंमी, रुंदी १२ सेंमी, थर ०.२ सेंमी: ६६ × १२ × ०.२ = सुमारे १५८ मिली. कपाला चिकटून वाया जाणारं धरून १८० मिली बनवा. रेझिन-हार्डनरचं प्रमाण २:१ असेल तर १२० आणि ६०.

प्रमाण आकारमानाचं आहे की वजनाचं, हे बाटलीवर नीट वाचा. हार्डनर सहसा रेझिनपेक्षा हलका असतो, त्यामुळे आकारमानाचं २:१ वजनाने २:१ होत नाही. चिकट राहिलेल्या नद्यांचं एक मोठं कारण हेच. हार्डनर जास्त घातला की लवकर जमेल हा समज पॉलिएस्टरच्या सवयीतून आला आहे. इपॉक्सीत जास्तीचा हार्डनर तसाच उरतो आणि पाणी कायमचं नरम राहतं.

क्रम असा:

१. त्याच दिवशी टाकाऊ तुकड्यावर चमचाभर ओतून बघा. नवी बाटली असेल तर ही चाचणी आदल्या दिवशी करा आणि ते जमेपर्यंत थांबा.

२. बोर्ड जिथे ओतणार तिथेच ठेवा, खाली प्लॅस्टिक अंथरा आणि पाणसळ पुन्हा लावा. लागेल तिथे पुठ्ठ्याच्या पट्ट्या सरकवा.

३. तीन मिनिटं सावकाश ढवळा. कपाच्या कडा आणि तळ खरवडत राहा. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ कपात ओतून आणखी दोन मिनिटं ढवळा. पहिल्या कपाच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन चिकटलेलं असतं, ते खरवडून नदीत घालू नका.

४. डोहापासून सुरुवात करून बारीक धारेने ओता. काठाजवळ धार नेऊ नका, काडीने रेझिन काठापर्यंत ढकला.

५. दहा मिनिटांनी वर आलेल्या बुडबुड्यांवरून लायटरची ज्योत किंवा हीट गन झर्रकन फिरवा. एका जागी थांबलात तर खालचा एक्सपीएस वितळतो आणि लव्हाळी जळतात.

६. वर खोका पालथा घालून झाका. धूळ, केस आणि मांजर तिघांपासूनही.

> सावधान: उरलेलं रेझिन कपात एकत्र साठवू नका. जाड थरात ते स्वतःच तापतं, प्लॅस्टिकचा कप वितळतो आणि धूर येऊ शकतो. याच कारणाने एका दमात जाड थर ओतायचा नसतो. उरलेलं पुठ्ठ्यावर पातळ पसरून जमू द्या आणि मग टाका. बेसिनमध्ये ओतू नका.

दुसऱ्या थरासाठी दोन वेळा योग्य. एक, पहिला थर बोटाला चिकटत नाही पण दाबल्यावर ठसा उमटतो तेव्हा. दोन, तो पूर्ण जमल्यावर, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने हलका घासून आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून. या दोहोंच्या मधल्या वेळात ओतलेला थर नीट धरत नाही.

९. पृष्ठभागाची हालचाल

आरशासारखी सपाट नदी तळ्यासारखी दिसते. पूर्ण जमल्यावर, म्हणजे साधारण तीन दिवसांनी, ग्लॉस जेल ब्रशने टिपत टिपत लावा. लावताना ते पांढरं असतं, वाळल्यावर पारदर्शक होतं. लाटा नदीला आडव्या लावू नका. प्रवाहाच्या दिशेने लांबट ओढा आणि खडकाच्या खालच्या अंगाला इंग्रजी व्हीसारखी फाकवा. खळखळ फक्त उतारावर आणि खडकांपाशी दाखवा, डोहावर जवळजवळ काही नको. फेसासाठी कोरड्या ब्रशने थोडासा पांढरा फक्त लाटेच्या माथ्यावर.

उतारावर जेलचा थर पातळच ठेवा, नाहीतर मॉडेल डगमगतात.

१०. काठ पूर्ण करणं आणि दुरुस्त्या

बांध काढा. टोकाला रेझिन वर चढून धारदार कड झालेली असते, ती कटर आणि पॉलिश पेपरने काढून पुठ्ठ्याच्या साच्याने तपासा. काठावर चढलेली चकचकीत ओली रेघ मॅट वार्निश आणि मातीच्या रंगाने झाका. त्यानंतरच गवत: काठालगत ४ मिमीचं हिरवंगार, वर २ मिमीचं, मधूनमधून बाभळी. गवत लावताना नदीवर कागद पसरा, उडालेले धागे जेलला चिकटतात.

पृष्ठभागावर तेलकट धुरकट थर आला असेल तर घाबरू नका. कोमट साबणाच्या पाण्याने आणि मऊ स्पंजने तो निघतो. नंतर कोरडं करून घासा आणि पातळ थर द्या. एखादाच डाग चिकट राहिला असेल तर तो अल्कोहोलने खरवडून काढा, वर नीट मिसळलेला थर ओता. सगळी नदीच चिकट असेल तर मात्र वर थर देऊन फसवणूक होते, खालचा भाग नरमच राहतो. ते सगळं खरवडून काढावं लागतं.

वापरताना धातूचे बेस असलेल्या मॉडेलखाली पातळ फेल्ट लावा, ओरखडे वाचतात. बोर्ड थेट उन्हात ठेवू नका, इपॉक्सी पिवळं पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ते नरम होतं आणि वर ठेवलेल्या वस्तूचा ठसा कायमचा उमटतो. बबल रॅपमध्ये गुंडाळलं तर नदीभर गोल गोल ठसे येतात. एकावर एक रचायचे असतील तर चार कोपऱ्यांना काठापेक्षा उंच ठोकळे लावा, म्हणजे पाण्याला काहीच टेकणार नाही.